यंदा हातमोजे काढले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.त वाहक आहे. वय ४६. माझ्या दोन्ही हातांवर, ओठांच्या कडेला आणि कपाळावर कोड आहे. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला सतरा वर्षं लागली.

सुरुवात टिकलीच्या जागी झाली. चिकटवायची टिकली, रोज तीच जागा. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका दिसला तेव्हा तो झाकायला मी मोठी टिकली आणली. ठिपका वाढला, मी आणखी मोठी आणली. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं जे कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. ज्याने झाकत होते, त्यानेच ते वाढत होतं. टिकली सोडून मी कुंकू लावायला लागले, पण तोवर हातांवर डाग उठले होते.

तेव्हापासून दर एक जानेवारीला मी नव्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहायचे: ‘यंदा डाग जाऊ देत.’ मग वर्षभर त्याच्या मागे. कुणी मंगळवार सांगितले, ते धरले. एका वैदूने बावचीचं तेल दिलं. ते लावून उन्हात बसले तर मनगटभर फोड आले, त्याची खूण अजून आहे. ‘मासे आणि दूध एकत्र खाल्लं असशील,’ हे तर किती जणींनी ऐकवलं. आमचं घर माळकऱ्यांचं, चुलीवर कधी मासा शिजलेला नाही. तरी मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं होतं, लहानपणी माझ्या पोटात चुकून काही गेलं असेल का? त्या बिचाऱ्या काय सांगणार! माणूस इतकं स्वतःलाच दोषी धरायला लागतं.

कामावर मी हातमोजे घालायचे. कुणी विचारलं तर उन्हाचं कारण सांगायचे. पण हातमोजा घालून वाहकाचं काम नीट होत नाही. मशीनचं बटण दोनदा दाबलं जातं, नोटा एकमेकींना चिकटलेल्या कळत नाहीत, एकाचं नाणं आणि दोनाचं नाणं बोटाला सारखंच लागतं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तशा गाड्या भरून जातात आणि सगळा खेळ सुट्ट्या पैशांचा असतो. डेपोत हिशोब देताना माझे किती वेळा पैसे कमी भरले, ते खिशातून घातले. कारण फक्त हे हात.

यंदा एक जानेवारीला कॅलेंडरवर मी काही लिहिलं नाही. कराड–पाटणची सकाळची फेरी होती. हातमोजे पिशवीतच ठेवले. मल्हारपेठेत चढलेल्या एका ताईंनी माझा हात बघितला आणि पैसे माझ्या हातात न देता शेजारच्या सीटवर ठेवले. ‘तिथनं घ्या,’ म्हणाल्या. मी घेतले, तिकीट दिलं, उरलेले पैसे दिले. कानशिलं तापली होती. पाटणला चहा घेताना रडू आलं, ते लपवून काय करू? येताना शाळेचा एक मुलगा टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, ‘काकू, हे काय झालंय?’ मी म्हटलं, ‘कोड आहे बाळा. दुखत नाही. तुला होणार नाही.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. इतकंच. हे ‘बरं’ मला कुणी मोठ्या माणसाने आजवर म्हटलं नव्हतं.

मी उपचार सोडलेले नाहीत, हे मुद्दाम लिहिते. आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा, प्रकाश घेते. कपाळ बरंचसं भरून आलंय. बोटांची टोकं आणि ओठ सहसा दाद देत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालंय. पण आधी डाग जातील, मग मी फोटोत पुढे उभी राहीन, मग हळदीकुंकवाला स्वतःहून जाईन, अशी जी रांग मी सतरा वर्षं लावून ठेवली होती, ती यंदा मोडली. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत असतं. या वेळी माझ्याकडेच ठेवलंय, आणि कुंकू मीच लावणार आहे.

आता तुमच्याकडे मागणं. कोड संसर्गाने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते, म्हणून तो होतो. जगात शंभरात साधारण एकाला आहे. त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात ते चूक आहे, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. (आणि कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा त्या माणसांनाही लांब बसवायचं कारण नाही.) तरी अनेक वर्तमानपत्रांत आणि आमच्या स्टँडांच्या भिंतींवर ‘पांढरे डाग मुळापासून गायब, गॅरंटी’ अशा जाहिराती असतात. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींबद्दलचा १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्यात आहे आणि त्या यादीत कोड आहे. मी अशा जाहिराती बघून तीन वेळा पैसे पाठवले आहेत, एकदा तर मुलीच्या क्लासच्या फीचे. तुमच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर अशी जाहिरात आली तर कृपया घेऊ नका. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तर अजिबात नको. त्या आठवड्यात आम्ही फार आशेवर असतो.

पत्राखाली नाव घालावं असं मुलीचं म्हणणं आहे. तिची स्थळं बघणं सुरू आहे. आईला कोड आहे म्हणून मुलांना होतोच असं नाही, हे मला पाठ आहे, पण समोरच्या घरांना ते पटेलच असं नाही. ती म्हणते, ज्यांना पटणार नाही ते घर मला नको. मी दोन दिवस विचार केला. हातमोजे निघाले, पण नाव घालायला अजून हात धजावत नाही. तेव्हा ते छापू नये ही विनंती.

आपली,
एक महिला वाहक,
कराड, जि. सातारा