व्हॉल्व्हची पिन मुठीत देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पंचगंगेच्या पाण्यावर नेता. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. इथे न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये आणि तिकडे कोल्हापुरात, उद्यमनगरात तुमच्याबरोबर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसांनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचं नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. पण ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी बाकीच्यांसाठी थोडं सांगते. काइट बग्गी म्हणजे तीन चाकांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी गाडी. तिला इंजिन नाही, पेडल नाही. हातात मोठा पतंग धरायचा, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि ओहोटीच्या वेळी घट्ट झालेल्या वाळूवरून वाऱ्याच्या जोरावर धावायचं. आज हा खेळ ज्या रूपात जगभर खेळतात, त्याला ते रूप १९९० च्या सुमारास पतंग बनवणाऱ्या पीटर लिन यांच्यामुळे आलं. ते इथून दक्षिणेला तासा-सव्वातासावर असलेल्या ॲशबर्टनचे. आमच्या इथला न्यू ब्रायटनचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला आणि समुद्रावरचा वारा पूर्वेचा, त्यामुळे तोच वारा जातानाही चालतो आणि येतानाही. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला बग्गीचं वेड लागलं तर त्याला कोण काय म्हणणार?

माझ्या मुलाने साठवलेल्या पैशांतून जुनी बग्गी घेतली. सांगाडा चांगला होता. चाकं मात्र डुगडुगत होती. ॲल्युमिनियमच्या रिमा, दोन अर्ध्या भागांच्या, मधे बोल्टने आवळलेल्या. आम्ही त्या घेऊन दुकानं फिरलो. एकाने "हे खेळणं आहे, आम्ही अशी कामं घेत नाही" म्हणून हातही लावला नाही. दुसऱ्याने बोल्टांना तांब्याचं ग्रीस फासून पैसे घेतले आणि "आता काही होणार नाही" म्हणून पाठवून दिलं. तिसऱ्या ठिकाणी, टायरच्याच दुकानात, एका माणसाने टायरमध्ये हवा तशीच ठेवून रिमच्या बोल्टांवर पाना फिरवणारी गन लावली. दोन-तीन बोल्ट सुटले आणि बंदुकीसारखा आवाज झाला. रिमचा अर्धा भाग उसळला, एक नट माझ्या मुलाच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. तो माणूस आधी दचकला, मग हसला. त्याच्या सोबतचेही हसले. "आज नशीब जोरावर आहे तुझं," असं मुलाला म्हणाले. अकरा वर्षांचं पोर पांढरं पडलं होतं, त्याच्याकडे एकानेही नीट वळून पाहिलं नाही. मला तो राग अजून गिळता येत नाही, आणि मी तो गिळणारही नाही.

त्यानंतर तो बग्गीच्या जवळ जाईना. गॅरेजचं दार उघडलं की आत निघून जायचा. सायकलच्या चाकात हवा भरायलाही नको म्हणायचा. मी समजावलं, त्याच्या बाबांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही.

गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं. हे लेकीकडे राहायला आलेत, आयुष्यभर लेथवर टर्नर होते. मी भीत भीत विचारलं. तुम्ही "बग्गी म्हणजे काय?" असं विचारून मोबाइलवर व्हिडिओ बघायला घेतलात, तो दोनदा बघितलात आणि म्हणालात, "ही गाडी पुढं कमी आणि आडवी जास्त ओढली जातीया. रिमवर सगळा भार आडवा येतोय की." दुकानांतून एवढं हिंडलो, पण हे कुणी बोललं नव्हतं. सायकल वळताना कलते, म्हणून तिच्या चाकावरचा भार बराचसा उभाच राहतो. बग्गी कलत नाही. पतंग बाजूला खेचतो, टायर वाळूवर आडवं घासतं आणि तो सगळा रेटा रिमच्या कडेवर, बोल्टांच्या भोकांवर आणि बेअरिंग ज्यात बसतं त्या घरावर येतो. तुम्हाला ते एका व्हिडिओत दिसलं, कारण तुम्ही बघितलंत.

दुसऱ्या दिवशी तुमच्या लेकीच्या गॅरेजमध्ये आलो, ती सकाळ मी विसरणार नाही. मुलगा दारातच थांबला होता. तुम्ही त्याला आत या म्हणाला नाहीत. चाक घेऊन तुम्हीच बाहेर, त्याच्यापाशी जाऊन जमिनीवर बसलात, तेही गुडघे दुखत असताना. व्हॉल्व्हवर हाताने दाबून हवा सोडलीत. फुसफुस थांबली तरी तुम्ही थांबला नाहीत. व्हॉल्व्हची पिन काढलीत, त्याचा तळहात उघडलात, पिन त्यावर ठेवलीत आणि त्याची मूठ मिटून वरून तुमचा हात धरलात. म्हणालात, "बाळा, ही तुझ्या मुठीत हाय तवर टायर काय करत न्हाय. मुठीत नसली, तर कुणी का सांगेना, पान्याला हात लावायचा न्हाय." मग त्याला गुडघ्याने टायर दाबून बघायला लावलंत, आणि पाना त्याच्या दुसऱ्या हातात दिलात. पहिला बोल्ट त्याने सोडवला, डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली ठेवून.

काका, तुम्ही जे दुरुस्त केलंत त्याची किंमत मला कळते. पण मी हे पत्र त्या पिनसाठी लिहिते आहे. "घाबरू नकोस" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्याची भीती खरी होती हे तुम्ही मान्य केलंत. टायर भरलेलं असताना रिमच्या दोन भागांना बाहेर ढकलणारा जोर शेकडो किलोंचा असतो हे तुम्ही त्याला हिशेब मांडून दाखवलंत, आणि मग त्या जोराची किल्ली त्याच्याच हातात ठेवलीत. त्या दिवसापासून हवा तपासणं हे आमच्या घरात त्याचं काम आहे. माझ्या गाडीचीसुद्धा.

मग तुम्ही रिमा बघायला घेतल्यात. व्हाइसच्या पकडीत धरण्याआधी जबड्यांना कातड्याचे तुकडे लावलेत, कारण ॲल्युमिनियमवर दातांचे वळ उठतात आणि खारं पाणी अशाच ओरखड्यांत आधी शिरतं. प्रत्येक रिम लाकडी मुठीने ठोकून ऐकलीत. दोन खणखणीत वाजल्या, एक बद्द. त्या बद्द वाजणाऱ्या रिमला बोल्टच्या भोकापासून केसाएवढी बारीक भेग गेली होती. मला दिसेना. तुम्ही मुलाचं नख त्यावरून फिरवायला लावलंत आणि त्याला ती लागली. मी म्हटलं, वेल्डिंग करून चालेल का? दुकानात तर एकाने लगेच करून देतो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत. हा धातू उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या आसपास तो पुन्हा मऊ पडतो, आणि भेग बुजली तरी शेजारी नवी फुटते. "पोराचं चाक हाय, मी न्हाय करून देणार," इतकंच बोललात. ज्या माणसाला नाही म्हणायचे पैसे मिळत नाहीत, त्याने नाही म्हणावं, याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

नवी रिम निवडताना तुम्ही आम्हाला चकाकी बघू दिली नाहीत. कडेची जाडी बघा, बेअरिंगचं घर बघा, दोन भाग एकमेकांवर ठेवून मधून उजेड येतो का बघा. ओतीव असेल तर आतल्या बाजूला बारीक छिद्रं शोधा. ओतकामातले ब्लो होल तुमच्या नजरेतून सुटत नाहीत. मुलगा ७०७५ नंबरच्या मिश्रधातूच्या मागे लागला होता, विमानाचं ॲल्युमिनियम म्हणून. तुम्ही म्हणालात, ताकद मोठी, पण त्यात तांबं आणि जस्त आहे, समुद्राकाठी ते टिकायला अवघड. आपल्याला ६०६१ किंवा ६०८२ पुरे. आणि प्लॅस्टिकच्या रिमांना नावं ठेवणाऱ्या त्याच्या मित्रालाही तुम्ही थांबवलंत. हलक्या वजनाच्या पोराला, सावकाश चालवायला त्या उत्तम, मीठ त्यांचं काही करत नाही. फक्त आडव्या भाराने त्या वाकतात आणि बेअरिंगची जागा सैल होते. मला हे फार आवडलं. स्वतःचं कसब धातूत असताना प्लॅस्टिकबद्दल न्यायाने बोलणारा माणूस विरळा.

आणि ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं! स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची रिम आणि मधे खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, हे तुम्ही त्याला सांगत होतात. त्याचा चेहरा कोरा. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात, "जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवतीस का गं?" त्याने आजीच्या घरी तळाला खड्डे पडलेलं, पांढरी पूड धरलेलं पातेलं बघितलेलं होतं. पुढचं सगळं त्याला आपोआप समजलं: बोल्टाखाली नायलॉनचे वॉशर का, आट्यांना खाऱ्या पाण्यासाठीची पेस्ट का, आणि त्या दुकानातलं तांब्याचं ग्रीस का पुसून टाकायचं. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं तर स्टीलपेक्षाही वाकडं.

आता प्रत्येक फेरीनंतर तो गोड्या पाण्याने चाकं धुतो. जोराचा फवारा बेअरिंगवर मारत नाही, कारण सीलमधून पाणी आत घुसतं. पांढरी पूड दिसली की नायलॉनच्या घासणीने काढतो. तारेचा ब्रश तुम्ही जप्त करून नेलात ते बरं झालं; लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एक प्रसंग इथे घालायलाच हवा. मुलाने तुम्हाला सांगितलं की १८२६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं, आणि घोडे नसल्यामुळे तिला रस्त्याचा टोल लागत नसे. तुम्ही हातातलं काम थांबवून विचारलंत, "चाकं कसली होती?" तो अजून त्याचं उत्तर शोधतो आहे. एका मुलाच्या गोष्टीला इतका खरा प्रश्न विचारणारं मोठं माणूस त्याला क्वचितच भेटतं.

पैशांचं म्हणाल तर बेअरिंगची पावती तुम्ही माझ्या हातात दिलीत, ६००४ नंबरच्या तीन जोड्या, आणि तेवढेच पैसे घेतलेत. बेअरिंगच्या सैल घरात बुश (धातूची कडी) मारल्याचे, वेळेचे काही नाही. मी वाद घातला तर रागावलात. मला त्या पावतीतला सरळपणा फार मोठा वाटतो. फुकट करून उपकार दाखवला नाहीत आणि जास्त घेऊन आम्हाला लहानही केलं नाहीत. परक्या देशात माणूस दुकानात शिरताना आधीच थोडा आक्रसलेला असतो. आपला उच्चार, आपलं अडाणीपण, आपल्याला किती लुबाडतील याचा अंदाज. समोरच्याने नीट ऐकून घेतलं, खरं तेच सांगितलं, तर तो आक्रसलेला माणूस पुन्हा सरळ उभा राहतो. सभ्यपणाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि तेवढंही त्या दुकानांतून आम्हाला मिळालं नव्हतं. ज्यांच्याकडे मोठी यंत्रं होती, पाट्या होत्या, गणवेश होते त्यांच्याकडे ते नव्हतं. तुमच्याकडे जावयाने घेऊन दिलेलं छोटं लेथ मशीन आणि कातड्याचे चार तुकडे होते.

आता एक विनंती. येत्या रविवारी ओहोटी दुपारची आहे आणि वारा पूर्वेचा सांगितला आहे. लेक म्हणते तुम्हाला गारठा बाधतो, म्हणून कानटोपी आणि चहाचा थर्मास मी आणते, तुम्ही फक्त या. पुढच्या चाकाची रिमही बदलायला आली आहे. त्याने दोन बघून ठेवल्या आहेत, एक ओतीव आणि एक खरादून काढलेली. दोन्ही गाडीत टाकून आणतो. ठोकून बघा आणि कुठली घ्यायची ते सांगा.

आपली,
बग्गीवाल्या पोराची आई