बाबा, साडेसहा तास नव्हेत

जर्सी सिटी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

तिकीट पाठवलं आणि दहा मिनिटांत फोन. ‘रात्री दीडला मुंबई, सकाळी आठला न्यूयॉर्क, तारीखही तीच. म्हणजे साडेसहाच तास? आमची साताऱ्याची गाडी खंबाटकीत अडकली की मुंबईला एवढा वेळ घ्यायची!’ बाबा, एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्यभर तिकिटांचा हिशेब, वेबिल लिहिलंत आणि इथे कसे फसलात? ते आठ इकडच्या घड्याळातले. तेव्हा तुमच्या मनगटावर संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील. मे महिन्यात आम्ही साडेनऊ तास मागे. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे घेतली की साडेदहा. तर रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच, म्हणजे प्रवास सोळा तासांचा.

परतीचं तिकीट बघून घाबरू नका. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई, असं दिसतं खरं, पण विमानात बसायचं साडेचौदा तासच. तिकडे जाताना वरचा पश्चिमेचा जोराचा वारा पाठीवर असतो, इकडे येताना तोच तोंडावर.

अंतर म्हणाल तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सातारा-मुंबईच्या पन्नास फेऱ्या. एसटीच्या सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजलंत तर दोन हजारांवर टप्पे होतील. (आई, बायकांना अर्धं तिकीट इथे चालत नाही गं.) भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ डावीकडे दिसतं. पण शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल मागून आणा आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो पार आइसलँडजवळून जाईल. विमान अगदी त्या दोऱ्यावरून जात नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा कितीतरी विमानांना वळसे पडले. घाट बंद असला की तुम्ही गाडी फिरवून न्यायचात, तसंच.

खरा हिशेब मात्र दारापासून दारापर्यंतचा. दुपारी तीनला घर सोडा. अडीचशे किलोमीटरला सहा तास धरा, मग विमानतळावरचं बसणं, विमान, इथली पासपोर्टची रांग. माझ्या दारात याल तोवर तीसेक तास झालेले असतील.

मध्ये कुठे उतरायचं नाही असं तिकीट महाग पडलं, पण आईच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम घेतलं. आतली हवा सहा-आठ हजार फुटांवरच्यासारखी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची, आणि कोरडी. म्हणून पाणी पीत राहायचं. ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून आई पाणी टाळते, मला माहीत आहे. उठावं लागलं तर बरंच. दर दोन तासांनी चालायचंच आहे. बाबा, कडेची सीट तिला द्या. खिडकी तुमची.

व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. आई, नको म्हणू नकोस, लांबच लांब चालावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको.

आणि बाबा, घड्याळ बदलू नका. गोळ्यांच्या वेळा त्याच्यावरच धरा, इथे आलात की दोघं बसून ठरवू.

तुमची,
ताई