झोंबींनाही तहात घे

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या झोंबींच्या कादंबरीची सातही प्रकरणं वाचली. झोंबी दार ठोठावत नाहीत, नुसते दाराला रेलून उभे राहतात आणि मागून येणाऱ्यांच्या वजनानं दार आत पडतं, हे वाचून मी त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो. हे वहिनींना सांगू नकोस.

पण सातव्या प्रकरणात मात्र तू मला फसवलंस. धरणवाले आणि गोदामवाले तहाला बसतात, दहा पानं एकमेकांवर खेकसतात, आणि बोलणी फिसकटणार एवढ्यात नेमकी कुंपण तोडून झुंड येते. सगळे पाठीला पाठ लावून लढतात. शेवटच्या पानावर धरणवाल्यांचा सुभेदार आणि गोदामवाल्यांची डॉक्टरीणबाई गळ्यात गळे घालतात. अरे, हा कसला तह? तुला पुढचं सुचेना म्हणून तू झोंबी बोलावलेस. झुंड परतवल्यावर पाण्याचा प्रश्न होता तिथेच आहे, आणि ज्याच्याकडे जास्त काडतुसं उरली तो सकाळी उठून दुसऱ्याच्या फाटकाकडे बघणारच आहे.

तू त्यांना एकमेकांचा द्वेष करायला लावलायस, आणि मला वाटतं तिथेच गाडी रुळावरून घसरली. त्यांची खरी अडचण द्वेषाची नाहीच. एकाकडे पाणी आहे पण औषध नाही, दुसऱ्याकडे औषध आहे पण पाणी नाही. शेंबड्या पोरालाही कळेल असा सौदा आहे आणि दोघांनाही तो हवाय. तरी होत नाही, कारण आज दिलेला शब्द उद्या मोडला तर दाद मागायला कोर्ट नाही, पोलीस नाही, वर कुणी राजा नाही. सुभेदार मनानं कितीही चांगला असला तरी पुढच्या उन्हाळ्यात धरण आटल्यावर तो कसा वागेल हे खुद्द त्यालाही सांगता येणार नाही, आणि डॉक्टरीणबाईंना हे पक्कं माहीत आहे. तुझा सगळा ताण इथे आहे. आरडाओरड्याची गरजच नाही.

माणसं या अविश्वासाचं काय काय करतात ते बघ. १४१९ साली फ्रान्समध्ये माँतरोच्या पुलावर युवराज आणि बर्गंडीचा ड्यूक समेटासाठी भेटले. मध्ये कठडा होता, त्याला दार होतं. ड्यूक त्या दारातून आत गेला आणि तिथेच मारला गेला. पुढे १४७५ मध्ये त्याच युवराजाचा मुलगा, अकरावा लुई, इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला पिकिन्यीच्या पुलावर भेटला, तेव्हा त्यानं मध्ये लाकडी जाळी ठोकून घेतली. हात जाईल एवढी भोकं, आणि दार मुळीच नाही. दोन राजांनी त्या भोकांतून एकमेकांना आलिंगन दिलं! वर लुईनं आपल्याच एका माणसाला स्वतःसारखे कपडे घालून बरोबर नेलं होतं. आपल्याकडची प्रतापगडाखालची भेट तर तुला तोंडपाठ आहे. बरोबर माणसं किती आणायची हे आधी ठरलेलं, आणि तरी अंगरख्याखाली चिलखत. हे सगळं माहीत असून तू दोन्ही टोळ्यांना भरल्या बंदुका घेऊन एका उघड्या आवारात, एका टेबलाभोवती बसवतोस. कोण बसेल रे तिथे?

आता माझी सूचना. तिसऱ्या प्रकरणात तूच नियम घातलायस की झोंबींना दिसतं कमी, पण ऐकू फार येतं. मग ही बोलणी अशा जागी घे जिथे आवाज म्हणजे दोघांचंही मरण. नदीवरचा मोडका पूल घे, हे लोक मधल्या कमानीवर आणि दोन्ही काठांवर झुंड सुस्तावलेली. (नेपोलियन आणि झार अलेक्झांडर १८०७ साली नदीच्या मधोमध तराफ्यावर भेटलेच होते, तेव्हा जागा काही अगदीच अतर्क्य नाही.) इथे कुणी एक गोळी झाडली तर दोघांचीही परतीची वाट बंद. म्हणजे जो जामीन कुठे मिळत नव्हता तो झोंबींच्या रूपानं फुकट मिळाला. शिवाय गंमत अशी की सगळं भांडण कुजबुजत करावं लागेल. सुभेदारासारख्या माणसाला टेबलावर मूठ आपटता येत नाही, शिवी द्यायची तीसुद्धा कानात. त्यात कुणाला खोकल्याची ढास आली तर दोन्हीकडचे लोक मिळून त्याचं तोंड दाबतील. तुझ्या त्या लढाईपेक्षा मला हे पान वाचायला जास्त भीती वाटेल.

पण पुलावरून उतरलं की हा जामीन संपला, हे विसरू नकोस. पुढची सोय त्यांनाच करावी लागेल. जुन्या काळी ओलीस देत. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, २३ किल्ले तर गेलेच, शिवाय आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झाराजांच्या छावणीत जाऊन राहावं लागलं. तुझी डॉक्टरीणबाई पोरं ओलीस ठेवायला राजी होईल असं मला वाटत नाही. मग वस्तू ठेवू दे. धरणाच्या पंपाचा एक असा सुटा भाग, जो नसेल तर पंप लोखंडाचा नुसता ठोकळा, तो गोदामवाल्यांकडे राहील आणि रोज ठरल्या वेळी पाणी उपसायला तेच घेऊन येतील. उलट औषधांच्या खोलीची किल्ली धरणवाल्यांकडे. एकाला दगा द्यायचा तर आधी स्वतःचा घसा कोरडा करून घ्यावा लागेल. थॉमस शेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञानं हेच सांगितलं होतं, की स्वतःचे हात आपणच बांधून घेता आले तर बोलण्यात जोर येतो. त्याला २००५ साली नोबेल मिळालं. तुझ्या सुभेदाराला हे पुस्तकाशिवाय कळायला हरकत नाही, तो जुना खेळाडू आहे.

चावा तपासण्याचा प्रसंग तू दोन ओळींत उरकलास, याचं मला फार वाईट वाटलं. बोलणी सुरू होण्याआधी प्रत्येकानं दुसऱ्या टोळीसमोर मान, दंड, पोटऱ्या उघड्या करून दाखवायच्या. पण आधी कुणी? ज्यानं आधी बाही वर केली तो वाकला असं त्याचीच माणसं म्हणतील. इथे चार पानं खर्च कर. व्हिएतनामच्या युद्धाची पॅरिसमधली बोलणी १९६८ च्या अखेरीस आठवडेच्या आठवडे अडली होती ती टेबलाच्या आकारावर. लोक हसतात, पण टेबलाच्या आकारावरून कुणाला स्वतंत्र पक्ष मानलं हे ठरणार होतं, आणि तिकडे माणसं मरतच होती. तुझ्या कथेतही सुभेदारापासून फुटून निघालेली ती टोळकी आहेच. त्यांना बसायला जागा दिली तर फूट मान्य केल्यासारखं, नाही दिली तर ते पुलाच्या तोंडाशी डबे वाजवत उभे राहतील. त्यांच्या हातात दुसरं काही नाही, पण या पुलावर डबा पुरतो.

आणि ती नर्स! गोदामातून पळून धरणाकडे गेलेली, जिचं नाव तू पाचव्या प्रकरणानंतर घेतलंच नाहीस. तह तिच्यावर अडायला हवा. कोरियात बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली, शस्त्रसंधी झाला जुलै १९५३ मध्ये, आणि मधला बराच काळ गेला तो परत जायला तयार नसलेल्या कैद्यांचं काय करायचं यावर. नर्सला परत मागणं डॉक्टरीणबाईंच्या दृष्टीनं रास्त आहे, कारण एक गेली की दहा जातील. सुभेदारानं तिला द्यायचं ठरवलं तर त्याच्या आश्रयाला पुन्हा कोण येईल? मला स्वतःला तिची बाजू पटते, पण तू ती पटवून देऊ नकोस. तिला पुलावर आण आणि तिलाच बोलू दे, अर्थात कुजबुजत.

दोघांनी नुसतं एकमेकांना न मारायचं ठरवलं तर मात्र मी निराश होईन. २००९ मध्ये कॅनडातल्या काही गणितज्ञांनी खरोखरच झोंबींच्या साथीचं गणित मांडलं होतं. त्यात विलगीकरण पुरत नाही, औषध सापडलं तरी थोडेच लोक वाचतात. वारंवार आणि दरवेळी जास्त जोरानं हल्ले चढवले तरच माणसांचा निभाव लागतो. म्हणजे तुझ्या टोळ्यांना भिंतीआड बसून राहणं परवडणारं नाही. तहात संयुक्त मोहिमेचं कलम हवं, आणि पुढे कुणी चालायचं यावर आणखी एक भांडण.

शेवटी घरी परतल्यावरचा प्रसंग तू लिहिलेलाच नाहीस. आपल्याकडे युद्धात जिंकले आणि तहात हरले असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. सुभेदाराचा धाकटा भाऊ फाटकात उभा असेल, आणि पंपाचा भाग कुठे आहे एवढंच विचारेल. आठवं प्रकरण तिथून सुरू कर.

सातवं पुन्हा लिहिलंस की लगेच पाठव, टाईप करायची वाट बघू नकोस, तुझं अक्षर मला लागतं.

तुझा,
दिगू

ता. क. – दुसऱ्या प्रकरणातला कुत्रा आता पुलावर न्यायचा नाही हे उघड आहे. पण म्हणून त्याला मारायचंही नाही. बजावून ठेवतो.