विद्यापीठाच्या आवाराला किती पाणी लागावे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते; तरीही मराठवाड्यात विद्यापीठाची नवी इमारत उभी राहिली की पुढे हिरवळ, कडेने शोभेचे ताड आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, हा नकाशा फारसा बदललेला दिसत नाही.

हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, आणि आमच्या उन्हात ते कमीच पडते, तरी एकरी वीस हजार लिटर, म्हणजे दिवसाकाठी दहा हजारी दोन टँकर लागतात. एका विद्यापीठात भर मे महिन्यात टँकरची नळी गवतावर सोडलेली आणि पलीकडच्या वसतिगृहात मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या, हे मी पाहिले आहे. माळ्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. निविदेतच हिरवळ होती.

शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. जोत्याला लागून हिरवळ केल्यास पायाची एक बाजू कायम ओली व दुसरी कोरडी राहते, भिंतींना तिरप्या भेगा पडतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणी बागेच्या नावावर टाकत नाही. म्हणून जोत्याभोवती बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा, त्यापुढे मुरमाची वाट आणि पुरेशा अंतरावर उताराला आडवे उथळ चर असावेत. चरांच्या काठाने कडुनिंब, बहावा, आपटा लावावेत व मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या यांसारखी इथलीच गवते वाढू द्यावीत. ती उन्हाळ्यात पिवळी पडतील, तर पडोत. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर सहाशे मिलिमीटर पावसात सहा लाख लिटर पाणी पडते. त्यातील हाती लागेल तेवढे टाकीत साठवून रोपांना पहिली दोन-तीन वर्षे ठिबकने द्यावे आणि जादा पाणी चरांत सोडावे.

आपणास विनंती एवढीच, की हे काम इमारतीच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावे, उद्घाटनाच्या आदल्या पंधरवड्यात उरकण्यासाठी ठेवू नये. पाया खोदताना निघणारी वरची सुपीक माती बाजूला राखावी, बागेला स्वतंत्र मीटर बसवावा आणि ठेकेदाराचे अंतिम देयक तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली झाडे मोजूनच अदा करावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, लातूर