शेडमधली पोरं

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि मला या वेळी जे सांगायचंय ते बाबांनाच जास्त सांगायचंय. म्हणून कागद.

मागची शेड उघडली आहे. ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायच्या तुमच्या हत्यारांना हात लावू का, असं मी विचारलं होतं, तेव्हाही तुम्ही 'बरं'च म्हणाला होतात. तीच परवानगी समजले.

झालं असं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्यावेत, सुतार, कुंभार, माळी अशा माणसांच्या हाताखाली काही करू द्यावं, असं लिहिलंय. आमच्या शाळेतही ते दिवस झाले. पोरांना बापट कॅम्पला नेलं, गणपतीचे साचे दाखवले, चप्पल लाईनला नेलं. पोरांनी फोटो काढले आणि वहीत माहिती लिहिली. झालं शिक्षण! परत येताना सातवीतला एक जण म्हणाला, "मॅडम, आम्हाला करायला कधी देणार?" बाबा, तुम्हाला शाळेत निदान टकळीवर सूत तरी कातायला लावत होते. गांधीजींनी 1937 साली वर्ध्यात मांडलेली नई तालीम तुमच्या खेड्यातल्या शाळेत तेवढी तरी पोचली होती.

मग रविवारी सकाळी पाच-सहा जणांना घरी बोलावलं. आता दहा-बारा येतात. त्यांच्या चपला दारात अशा पडलेल्या असतात की शेजारच्या काकू विचारतात, आज काय पूजा आहे का?

सुरुवात करवतीनं केली. सरळ रेघेवर फळी कापायची, एवढंच. कुणालाच जमलं नाही. गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलगी गुण्या लावून बघते तर काटकोन कुठंच नाही. मी काहीच बोलले नाही. चूक आहे हे गुण्या सांगत होता आणि तो कुणावर चिडत नाही. वर्गात मी लाल पेनानं चूक दाखवली की मुलं माझ्याकडे बघतात. इथं ती फळीकडे बघतात. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, बाबा. शिकवताना मी इतकी गप्प आयुष्यात कधी बसले नव्हते. हात आपोआप पुढं जातो, 'दे इकडं, मी करते' असं ओठांवर येतं. म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहते. (आई, हसू नकोस.)

मग वाळू. शिरोलीच्या एका फाऊंड्रीतून पोतंभर मोल्डिंगची वाळू मिळाली. मुठीत दाबायची, गोळा व्हायला पाहिजे, आणि मोडला तर दोन स्वच्छ तुकडे पडायला पाहिजेत, भुगा नको. ही तुमची परीक्षा पोरांना इतकी आवडली की अर्धा तास कुणी दुसरं काही करायलाच तयार नव्हतं. धातू वितळवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. मेण आणलं. एका पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, असं वितळवते आणि ओतण्याचं काम माझं एकटीचं.

पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचे ठोकळे, मात्र त्यांचे. एकानं मोठ्या हौसेनं लाकडाचा चौकोनी ठोकळा केला, चारी बाजू सरळ, गुण्याला अगदी बरोबर. वाळूत ठोकून बसवला आणि काढायला गेला तर कडेची वाळू घेऊनच वर आला. परत केलं, परत तेच. "मॅडम, हे सरळ निघंनाच की!" त्याच्या शेजारच्या पोरीनं आपला ओबडधोबड, वर रुंद आणि खाली निमुळता ठोकळा अलगद उचलला आणि वाळूत घर जसंच्या तसं राहिलं. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं, तिची कानस तिरकी चालत होती. पाच मिनिटं दोघं एकमेकांचे ठोकळे उलटसुलट करून बघत होते. मग तो म्हणाला, "म्हणजे थोडा उतार द्यायला पाहिजे." बाबा, टेपर! पुस्तकातून शिकवायला गेले असते तर व्याख्या, आकृती, प्रश्नोत्तर, आणि परीक्षेनंतर सगळं साफ. त्यानं तो स्वतः शोधला. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्याले.

पुढच्या खेपेला मेण गार झालं तर मधोमध खड्डा. लगेच माझ्याकडे तक्रार, तुम्ही कमी ओतलंत. मग त्यांनीच काठोकाठ ओतायला लावलं, तरी खड्डा पडलाच. तेव्हा तुमची ती वेगळी फूटपट्टी काढली, साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब असलेली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना फुटाला एक सूत आत जातं, अल्युमिनियम सव्वा सूत, म्हणून पॅटर्नवाला आधीच तेवढा मोठा पॅटर्न करतो, हे सांगितल्यावर एकदम शांतता. एक इंचात आठ सूत, हा हिशोब त्यांनी मग न सांगता केला. एकीनं विचारलं, "तुमच्या बाबांना हे सगळं लक्षात राहायचं?" मी म्हटलं, पट्टीच्या लक्षात राहायचं. पण खरं सांगू, लहानपणी तुम्ही उद्यमनगरातून अंगभर भुसा घेऊन यायचात तेव्हा त्यात एवढं डोकं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आई, तुझंही खातं चालू आहे. पावसाच्या रविवारी शेड गळते, मग सगळी वरात माजघरात. धावदोरा, तुरपाई आणि गुंडी लावणं, एवढं सगळ्यांना. मुलग्यांना वेगळी सूट नाही. केएमटी बसवाल्याच्या पोरानं वडिलांच्या खाकी शर्टाला गुंडी लावली आणि ते ड्युटीवर सगळ्यांना दाखवत होते म्हणे. तुझं मशीन अजून कुणाच्या हातात दिलेलं नाही, काळजी करू नकोस.

एका पालकांनी मात्र विचारलं, मुलाला डॉक्टर करायचंय, सुतारकाम कशाला? मी फार वाद घातला नाही. आपल्या कोल्हापुरातल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढून 1920 साली पडद्यावर आणला, एवढं सांगितलं. आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे हात स्थिर लागतात, हेही. दुसरं जास्त पटलं असावं, कारण मुलगा अजून येतो.

नियम तुमचेच ठेवलेत. वस्तू व्हाइसच्या पकडीत घट्ट, दोन्ही हात धारेच्या मागे, आणि बोथट पटाशी कुणाच्या हातात द्यायची नाही, कारण जोर लावला की तीच हात कापते. पण धार लावणं मला तुमच्यासारखं जमत नाही. दगडावर कोन हलतो. त्याचं काहीतरी सांगा.

आणखी एक मोठी अडचण आहे. आता पोरांना पोकळ वस्तू ओतायचीय, पाइपसारखी. मधे पोकळी राहायला आत वाळूचा कोअर लागतो इतपत मला माहीत आहे, पण तो ज्यात घडवायचा तो कोअर बॉक्स कसा करायचा आणि वाळूचा कोअर मेण ओतताना जागेवरून हलू नये म्हणून दोन्ही टोकांना किती जागा ठेवायची, ते नाही. फोनवर विचारलं तर 'बरं' येईल. तेव्हा दादाकडून चौकटीची वही मागून घ्या आणि चित्र काढून पाठवा. गुडघा दुखत असेल तर पलंगावर बसूनच काढा. मापं सुतातच लिहा, पोरं मिलिमीटर करून घेतील.

तुमची,
बेबी