पडद्यावरचे चित्र मागे का राहते

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोबॉट थांबल्यावरही पडद्यावरचे चित्र काही वेळ सरकत राहते, असे तू कळवलेस. हा उशीर सुरुवातीपासून सारखाच असतो की हळूहळू वाढत जातो, हे आधी पाहा. सारखाच असेल तर तो बहुधा कॅमेरा, कॉम्प्रेशन, नेटवर्क आणि मॉनिटर यांचा मिळून असतो. वाढत जाऊन एका जागी स्थिरावत असेल, तर दाखवायच्या बाकी चित्रांची कुठलीतरी रांग काठोकाठ भरली आहे असे समज. मोजण्यासाठी मिलिसेकंद दाखवणारे स्टॉपवॉच रोबॉटच्या कॅमेऱ्यासमोर धर आणि ते व पडदा एकाच फोटोत टिप. दोन आकड्यांतील फरक हाच उशीर.

तुझ्या कोडमध्ये मला खटकली ती जागा म्हणजे कंट्रोल लूपमध्येच (रोबॉटला सतत आज्ञा देणाऱ्या फेऱ्यांमध्येच) लिहिलेले 'वेटकी(३०)'. लूप 100 हर्ट्झने चालायची म्हणजे एका फेरीला 10 मिलिसेकंद मिळतात, आणि तू तर कळ दाबली जाण्याची वाट पाहण्यातच 30 घालवतोस! ती ओळ सरसकट काढूनही चालणार नाही, कारण ओपनसीव्ही या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीची खिडकी प्रत्यक्ष रंगते ती त्याच फंक्शनच्या आत. म्हणून चित्र दाखवण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर) ने, तिथे वेटकीला 1 दे, आणि दोन्ही थ्रेडमध्ये फक्त सर्वांत ताजी फ्रेम (कॅमेऱ्याचे एक चित्र) राहील अशी एकच जागा ठेव. नवी आली की जुनी खुशाल पुसली जाऊ दे. आरओएस या रोबॉटच्या सॉफ्टवेअर चौकटीत फ्रेम स्वीकारणाऱ्या सबस्क्रायबरची रांगही 1 ची कर. रेकॉर्डिंगसाठी सगळ्या फ्रेम हव्या असतील, तर त्याचा सबस्क्रायबर निराळा असावा.

चित्रावर रोबॉटच्या हाताचा रेखाटलेला सांगाडा सरकलेला दिसतो, तो दोष मात्र वेगळा आहे आणि थ्रेड बदलून तो जाणार नाही. 30 एफपीएसच्या (सेकंदाला 30 फ्रेम टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्येच 33 मिलिसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे सांध्यांचे आत्ताचे कोन न घेता फ्रेम टिपली त्या क्षणाच्या टाइमस्टँपचे (वेळेच्या नोंदीचे) कोन घ्यावे लागतात. कालावधी मोजताना मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारे, घड्याळ वापर. साधे घड्याळ एनटीपीमुळे (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीमुळे) मध्येच मागे-पुढे होऊ शकते. उशीर झाकण्यासाठी जागोजागी 'स्लीप' (प्रोग्रॅमला थांबवून ठेवणाऱ्या ओळी) पेरणे मला मुळीच पसंत नाही.

बदल केल्यावर लूपच्या फेऱ्यांमधील अंतराचा लॉग खिडकी उघडी असताना आणि बंद असताना असा दोनदा काढून पाठव.

तुझी,
आई