शेतीचा वारसा आणि वकिलाचा सल्ला

महोदय,

घरची शेती पुढे कोणाकडे जाणार, हा विषय बहुतेक कुटुंबांत कोणी गेल्यावरच निघतो. ‘आमच्यात भांडणं नाहीत, वकील कशाला?’ असं म्हणणारेच पुढे कोर्टाची पायरी चढतात.

खरी मेख समान वाटणीत आहे. मुलगी शेती कसते, दोघे भाऊ नोकरीनिमित्त बाहेर. तिघांना सारखे तुकडे पाडले, की विहीर एकाकडे, वाट दुसऱ्याकडे आणि ट्रॅक्टरचं कर्ज बहिणीच्या गळ्यात. शेत सारखं वाटलं गेलं, पण कसण्याजोगं राहिलं नाही. कसणाऱ्याला जमीन आणि बाकीच्यांना आई-वडिलांच्या आयुर्विम्याची रक्कम किंवा हप्त्यानं मोबदला, आईला हयातभर उत्पन्नाचा हक्क, असे मार्ग असतात. मात्र यातलं कायद्यात काय बसतं, कर किती बसेल, गहाण जमिनीचं काय, हे मृत्युपत्राचा छापील नमुना भरून कळत नाही. सामायिक मालकीचा हिस्सा तर काही प्रकारांत मृत्युपत्राला न जुमानता थेट हयात मालकाकडे जातो!

वकिलाकडे जाताना मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, कर्जाची बाकी सोबत न्यावी. वकील आई-वडिलांचा की मुलांचा, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. हितसंबंध वेगळे असतील तर मुलांनी आपला वकील वेगळा करावा. (यात अविश्वास कसला?) पुढे घरात लग्न, घटस्फोट किंवा जमिनीचा व्यवहार झाला, तर जुनं मृत्युपत्र पुन्हा तपासून घ्यावं.

– एक वाचक